डाव्या विंगेतून

डलूथला फेब्रुवारीत सरोवर इतकं गोठतं
की लोक त्यावर गाड्या उभ्या करून मासे धरतात.
उरलेले नाटक करतात.
ओरिन स्कोगस्टाड दिवसा खिळे विकतो, वजनावर.
त्यानं लिहिलेलं संगीत नाटकही तसंच,
टोकदार, आणि मधूनमधून गंजलेलं.

गोष्ट अशी, की क्लोव्हर नावाची पोरगी
न्यूयॉर्कच्या रंगभूमीसाठी
गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेली.
वाटेत येईल तिला आडवी करते.
पहिलीसाठी जिन्यावर साबण.
दुसरीला खोकल्याचं औषध, अख्खी बाटली.
तिसरीला नुसती स्तुती; तिचं डोकं इतकं फुगतं
की दारातून एन्ट्रीच घेता येत नाही.
शेवटी क्लोव्हर एकटीच उरते. मुख्य भूमिका मिळाली,
पण प्रेमगीताला समोर माणूस नाही,
म्हणून टोप्या टांगायच्या खुंटाळ्याच्या गळ्यात पडून गाते.
लोक हसतात.
हाव किती हास्यास्पद असते
हे ओरिननं सतरा गाण्यांत समजावलंय.

मी प्रॉम्प्टर. डाव्या विंगेत, स्टुलावर,
गुडघ्यावर घोंगडी, तोंडात लवंग.
(थिएटर पूर्वी मासळीचं शीतगृह होतं.
वास गेलाय, असं आम्ही तिकिटावर छापतो.)
मला एक वाक्य नाही.
सगळ्यांची सगळी पाठ आहेत.

शनिवारी तिसऱ्या घंटेआधी कुजबूज आली,
तिसरी रांग, कडेची खुर्ची, शिकागोचा माणूस.
करडा ओव्हरकोट. वही. पेन.
आणि तो वर बघतोय, सारखा वर,
दिव्यांकडे बघावं तसा, जाणकार.
"कास्टिंगवाला," टोव्ह हाग्लुंड म्हणाली,
आणि न बोलता तिनं लिपस्टिकचा आणखी एक हात फिरवला.

मग जे झालं ते संहितेत नाही.
साबणावरून घसरलेली पहिली
चार मिनिटं मेली.
मेल्यावर उठली, कोन बदलून पुन्हा मेली.
पोस्टमन एमेट, ज्याला फक्त ट्रे आणायचा होता,
ट्रे ठेवून आईच्या आठवणीनं रडला.
कोरसमधल्या मुली पुढे पुढे सरकत
इतक्या कडेला आल्या
की पियानोवाल्याच्या मांडीवर एक जण बसूनच गायली.
आणि व्हर्ना लाहतिनेन,
दातांच्या दवाखान्यात फोन घेणारी,
पत्रकात सव्वीस, घरी शेचाळीस,
तिनं खुंटाळ्याला अशी मिठी मारली
की त्याचा एक हात तुटून तिच्या केसांत राहिला,
तो तसाच मुकुटासारखा मिरवत
तिनं शेवटची तान घेतली.
ओरिन मागे कपाळ धरून,
"अरे, थट्टा आहे ही, थट्टा!"

मला हसू आलं. खरंच आलं.
मग दुसऱ्या अंकात व्हर्ना एका ओळीवर अडली
आणि मी ती ओळ दिली.
नेहमीसारखी नाही.
जरा सावकाश. जरा गोलाईनं.
"सांग ना, आरशा, तू तरी टाळी वाजवशील?"
मागच्या भिंतीपर्यंत पोचेल एवढ्या कुजबुजीत.
आणि एकदा, व्हर्ना अडलेली नसतानाही.

पडदा पडला. सगळे मेकअपसकट लॉबीत धावले.
माणूस ओव्हरकोटाची बटणं लावत होता.
शिकागोचाच. पण बॉयलर कंपनीचा.
हीटिंगची तक्रार कोणी केली होती? एमेटनं, नाताळात.
आवाज गर्दी असताना तपासावा लागतो, म्हणाला.
नाटक? हो, छान. माणसं बरीच होती त्यात.

व्हर्नानं केसांतली खुंटी काढून
त्याची टोपी तिला अडकवून दिली, अदबीनं.

रिपोर्टची पिवळी प्रत माझ्याकडे आहे.
प्रेशर ठीक. पाइप जुने.
खाली, त्याच्या तिरक्या अक्षरात,
"डाव्या बाजूनं सतत काहीतरी फुसफुसतंय.
गळती असावी. लक्ष द्यावे."

तिथे 'लक्ष द्यावे'खाली त्यानं रेघ मारलीय.
दोनदा.