प्रश्न चौदावा

उदगीरला रेल्वे फाटकापलीकडं, तिसऱ्या गल्लीत
सोजरबाईनं मला बसायला पाट दिला
आणि टॅबलेट ठेवायला
उपडं घमेलं.

मी वाचलं : आपण रुग्णास
स्वतःची काळजी घेण्यास
किती वेळा प्रोत्साहन देता?
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बहुतेक वेळा, नेहमी.

ती म्हणाली, "त्यायची काळजी त्यायला कामून?
मी हाय की."

हा प्रश्न कुठल्याशा थंड देशात जन्मला.
तिथून मराठीत आला,
मग मूळ न पाहिलेल्या कुणीतरी
तो परत इंग्रजीत नेला, जुळतो का बघायला.
आपली काळजी तिकडं पोचली ती चिंता होऊन.
त्या एका शब्दावर दोन बैठका झाल्या,
चहा, खारी,
शेवटी ठरलं, 'काळजी घेणे' राहू द्या.
घेणे आणि करणे यांच्यामधली जागा
फॉर्मवर नव्हती. ती इथं होती,
बाजेच्या पायथ्याशी, जिथं सोजरबाई बसते.

मसनाजी भिंतीकडं तोंड करून पडलेले.
हृदय मोठं झालंय, असं कार्डावर लिहिलेलं.
"पहिल्यापसूनच मोठ्या मनाचा गडी,"
ती म्हणाली, आणि पदराआड हसली.

रोज वजन करता का?
"काटा आडत्याकडं. तिथं ज्वारी मोजतेत, मानूस न्हाई."
मग तिनं त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला, उचलला.
खड्डा पडला, लहान लिंबाएवढा.
ती मोजू लागली, ओठातल्या ओठात.
"पाचात भरला तर ब्येस.
धा झाले की पानी कमी करायचं, भाजीतलं मीठ बंद.
पंधरा झाले
की रिक्षा."

आज सात.

माझ्या मापाला पाचच पायऱ्या होत्या.
मी अंगठ्याचा पर्याय शोधला.
वर सरकवलं, खाली सरकवलं.

प्रश्न चौदावा : औषधाची आठवण करून देता का?
"न्हाई बा. आठवन दिली की भडकत्यात.
मास्तरीन हायेस का म्हन्त्यात.
म्हून मी बोलतच न्हाई.
तांब्या ठिवते. जरा जोरानं.
मंग गोळी त्यायची त्यायलाच आठवती."

मी 'कधीच नाही'वर बोट टेकवलं.
तांब्याच्या आवाजाला
आठवण म्हणायचं की नाही
हे प्रशिक्षणात आलं नव्हतं.

पुढं चौबाऱ्याकडं अफसरचं घर.
गॅरेजमधून आलेला, कोपरापर्यंत काळा.
आईसाठी वेगळा स्वयंपाक करता का?
तो गोंधळला.
"अम्मी अकेली फीका कायकू खायेंगी?
घर में सबकाच फीका बनता."
म्हणजे वेगळा करत नाही.
म्हणजे शून्य गुण.
आतून बिस्मिल्लाबी ओरडल्या,
हॉटेलात जाऊन मिर्ची भजी हाणतो, तेपण लिखो!
तो लाजला. पोरगं असेल बाविशीचं.
त्याच्या शून्याकडं मी बराच वेळ बघत बसले.

परतताना फाटक बंद, मालगाडी आडवी.
तिथं रेंज आली आणि दिवसभराचे फॉर्म
एकेक करून गेले, वर कुठं तरी,
जिथं आम्ही आणि ते थंड देश
शेजारी शेजारी रकान्यात बसणार आहोत.

मागून कुणी तरी, "ओ म्याडम, ओ बाई!"
सोजरबाई. अनवाणी. धाप लागलेली.
"त्ये मघाचं खोडा.
त्यायनं समदं आयकलं, भिंतीकडून.
मी तांब्याचं बोलले न्हवं का,
आता त्यायला वाटंल, गोळी बी हीच घ्यायला लावती.
ल्हिवा,
समदं त्येच करत्यात. मी नुसती बसून आसते."

डबे जात होते. कोळशाचे, मग रिकामे.
एकदा पाठवलेला फॉर्म उघडत नाही.

"खोडलं," मी म्हणाले.

ती पाठमोरी झाली, भरभर निघाली,
सहाच्या गोळीला
अजून वीस मिनिटं होती.