वीजबिलाच्या पाठीवर

कणीक पावशेर. गांडुळं (हिंगण्याच्या नर्सरीतून, आदल्या दिवशीच).
गळ दोन, एक जास्तीचा.
इजाजच्या गोळ्या: सकाळी एक, रात्री दीड.

स्वारगेटहून वेल्ह्याची पहिली एसटी,
पुढं पायी.
खिंडीपर्यंत तीन तास, मी लिहितो.
‘पाच लिही,’ इजाज म्हणतो,
‘मध्ये करवंदं लागतील.’

खिंडीपलीकडं नदी,
डोहावर उंबर, खाली सपाट खडक.
तिथं खडस लागला होता, कोपराएवढा,
बत्तीस वर्षांपूर्वी, कंपनीच्या संपात.
इजाज दर वेळी तो बोटभर वाढवतो.
आज खांद्यापर्यंत आलाय.

सराव हवा म्हणून
गॅलरीतून गळ टाकला त्यानं, तिसऱ्या मजल्यावरून,
तर दामल्यांचा पंचा वर आला.
दामले खालून म्हणाले,
‘सोडा त्याला, लहान आहे अजून.’

मग गळ नव्यानं बांधायला घेतला.
नेढ्याशी दोरा येतो, हुकतो,
येतो, हुकतो.
लेथवर हाच हात
केसाचाही फरक सोडत नसे.
मी गळ काढून घेतला, ओवून दिला,
आणि उगाच एसटीच्या वेळा वाचत बसलो.

‘बरंच आहे की,’ तो म्हणाला,
‘हात असा हलला तर
माशाला वाटेल, गांडूळ जिवंत आहे.’

तारीख पेन्सिलीनं होती.
पेनानं गिरवली.

बिल भरायचं राहिलंय.
आल्यावर बघू.