वीजकुऱ्हाड

गंगावाडीच्या खडीतून पुंजा बेंडकुळेनं
तो दगड आणला, डब्याच्या पिशवीत, भाकरीखाली.
म्हणाला, साहेब, याला धार आहे बघा.

मी टूलरूमचा माणूस. आधी व्हर्नियर लावला.
लांबी एकशे बेचाळीस, मधोमध जाडी एक्कावन्न.
दोन्ही अंगांनी टवके, टोक डावीकडं जरा कलतं.
ड्रॉइंग नाही, टॉलरन्स नाही,
तरी मुठीत असा बसला
की माझंच माप कुणी आधी घेऊन ठेवलेलं.

नवा प्रेस बसवायला आलेले ओक साहेब
(कोकणातले नव्हेत, उल्सानजवळचे)
चहा तसाच ठेवून उठले.
दोन्ही हातांनी घेतला त्यांनी दगड, तान्हं मूल घ्यावं तसा.
मोबाईलमधली बाई मराठीत म्हणाली,
हे आकाशाचे अवजार आहे.

मग मोबाईल बाजूला ठेवून, हातवारे करत:
वीज पडते तिथं उकरायचं,
खाली कुऱ्हाड सापडते,
वरच्या गड्याच्या हातून निसटलेली.
झोपेत दचकणाऱ्या पोराच्या उशाशी ठेवायची.
पोटुशी बाई कमरेला बांधते, मुलगा व्हावा म्हणून.
त्यांच्या आईनं बांधली होती.
मग? पुंजानं विचारलं.
चार बोटं दाखवली त्यांनी, बहिणी,
आणि मग अंगठा, स्वतःकडं वळवून.

मी हसलो. पुंजा हसला नाही.
किती खाली, त्यानं विचारलं.
काय किती?
उकरायचं किती खाली?
पेठला आमच्या खाचरात वीज पडली, नऊ वर्षं झाली.
भाऊ होता तिथं, आवणी करत.
आम्ही त्याला उचलला. खाली कुणी बघितलं नाही.

मोबाईल टेबलावर होता. कुणी उचलला नाही.

मला दिसत होतं ते मी बोललो नाही:
कडेजवळ एका जागी घाव चुकलाय,
तिथंच पुन्हा मारलाय, जरा हलक्या हातानं.
आमच्याकडं याला रीवर्क म्हणतात.
वीज रीवर्क करत नाही.

ओक साहेबांनी दगड पुंजाच्या हातात दिला
आणि तीन बोटं दाखवली. तीन हात? तीन वर्षं?
कळलं नाही. पुंजानं मान हलवली.

पाळी सुटताना गेटवर पास लागतोच.
मी लिहिला: दगड, एक नग, परत.
'कुणाकडून आला' हा रकाना
वॉचमननं दोनदा विचारूनही
कोरा राहिला.