धार

गंगावेशीत दूध कट्ट्यावर, थंडीची सांज.
म्हशीच्या पाठीवनं वाफ निघत हुती
आन दोन पोरं येऊन उभी ऱ्हायली.
पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी.
मला इंग्रजी वाचता येत न्हाई.
मेडिकलवाल्या बाबगोंडानं वाचून सांगितलं:
एल्डर मेडिदी.
एल्डर म्हंजे?
वडीलधारा.
मिसरूड फुटंना अजून, आन वडीलधारा!
मी हसलो. पोरगं बी हसलं.

ह्यांची गल्लीत चर्चा हाय.
सणगराच्या आक्कानं तीनदा कप फुडं केला,
तीनदा हात जोडून न्हाई म्हनले.
तवापास्नं आक्का बोलत न्हाई.
कोल्हापुरात चहाला न्हाई म्हननं
म्हंजे उंबऱ्याला ठोकर मारल्यागत.

"का रं, चालत न्हाई?"
"नियम आहे, काका."
मराठी शिकलेलं. पन शब्द असं टाकायचं
जसं नवीन चपलेत पाय.
मग बोटं मोडत सांगाय लागलं:
साडेसहाला उठायचं.
जोडीदार सोडून कुठं जायाचं न्हाई.
पोरगी न्हाई, पिच्चर न्हाई.
दोन वर्सं घर न्हाई.

माजा हात सडावरच थांबला.

बारा वर्साचा हुतो,
बानं गारगोटीत यस्टीत बसवलं आन तालमीत आणून टाकलं.
उस्तादाचा बी ह्योच हिशेब:
चारला उठायचं, हौदा उकरायचा,
चहा न्हाई, पोरगी न्हाई, घरला पत्र म्हैन्याला एक.
पयल्या दिवाळीला तालीम रिकामी झाली.
मागं मी आन चिकोडीचा एक पोरगा.
उटनं कुठलं!
हौद्यातली तांबडी माती, ताक-तेल मुरल्याली,
तीच एकमेकाच्या पाठीला चोळली
आन गार पान्यानं आंगूळ केली.
त्यो कन्नडात काय बाय बोलत हुता.
मी हूं हूं करत हुतो.

"आज सण हाय न्हवं तुमचा?"
"उद्या. आज रात्री घरी आई अरिसेलु करते.
तांदूळ, गूळ, तुपात."
"म्हंजे अनारसं."
"अनारसं काय असतं?"
आता ह्येला काय सांगावं.
राजमहेंद्रीकडं कुठंतरी त्येचं गाव,
नारळीच्या झाडाला कागदाची चांदनी बांधत्यात म्हनं.
जोडीदार, त्यो कोइमतूरचा इन्बराज,
दोन पावलं लांब उभा,
रेडकाला नाक चाटाय देत.

मी पेला धरला सडाखाली.
चुर्र चुर्र. वरपातूर फेस.
"घे. ह्यात चहा न्हाई, काफी न्हाई.
ह्यात निस्ती म्हस हाय."

पोरगं पेल्याकडं बगत ऱ्हायलं.
कोमट दूध पयल्यांदाच हातात घेतलं असावं.
डोळं मिटून काय तरी पुटपुटलं
आन एका दमात प्यालं.
वठावर पांढरी मिशी.
मी म्हनलं, आता शोभतुयास वडीलधारा.

तेवढ्यात फोन वाजला.
काचेत बाई, मागं चुलीचा उजेड.
पोरानं फोन फिरवला: ही म्हस, हे काका, हा इन्बराज.
बाई म्हशीला बगून हसली, मला हात जोडलं.
मग तोंड जवळ आणून एकच शब्द:
"तिन्नावा?"
तेलगू मला कुठलं येतंय.
पन ह्यो शब्द ऐकून
गारगोटीच्या स्टँडावरची आय दिसली,
धुरळ्यात, यस्टीमागं, तोंड हलतंय,
आवाज काचंत आल्याला न्हाई.

पोरानं पैसं फुडं केलं. मी घेतलं.
फुकट दिलं असतं तर परत आला नसता.

जाताना एक पुस्तक ठेवून गेला.
फळीवर हाय, पेंडीच्या वहीशेजारी.
उघडलं न्हाई अजून.
रोज सांजचं पुसून ठेवतो मातूर.