बाही

आई मला हात धरून कधी चालवत नसे.
बाहीला धरायची.
ओनीच्या बाजारात, रिओनीच्या पुलावर,
शाळेच्या बर्फाळ पायऱ्यांवरसुद्धा.
माझ्या सगळ्या फ्रॉकांची डावी बाही
उजवीपेक्षा दोन बोटं लांब.

माझ्या आधी ओतार होता. दहा महिने.
नडग्यांवर मोहरीएवढे लाल ठिपके,
कोपराच्या लवणीत ओलं, खाजरं कातडं,
आणि काखेखाली निळे वळ,
जिथे जिथे त्याला उचललं तिथे तिथे.
चार आणि एक. बोटं मोजता यायची.

शेजारच्या नातेलाने ती मोजली.
मग मिलिशियाचा शिपाई आला, बूट न काढता,
म्हणाला, हात पुढे कर,
आणि आईचा पंजा बाळाच्या पाठीशेजारी धरून
बघत राहिला, हातमोज्याचं माप घ्यावं तसा.
कागदावर काही लिहिलं नाही त्याने.
लिहिलं असतं तर खोडता तरी आलं असतं.

आज त्बिलिसीत, चौथ्या मजल्यावर,
डॉक्टर केतेवान माझ्या बेकाच्या पोटरीवर
काचेचा साधा पेला दाबते.
काचेखाली कातडी पांढरी पडते.
ठिपके जात नाहीत.

"रक्त आतून झिरपलंय.
ते थांबवणाऱ्या चकत्या कमी आहेत,
आहेत त्याही इवल्याशा.
हा इसब, हे वाहणारे कान, सगळ्याचं मूळ एकच.
अशा मुलाला नुसतं उचललं तरी वळ उठतो.
तुमच्या घरात आधी कुणी मुलगा..."

आई पर्स उघडते. बंद करते.
"नुसतं उचललं तरी," ती म्हणते.
नातेला मेली त्याला अकरा वर्षं झाली.
"नुसतं उचललं तरी."

डॉक्टर कागदावर घराणं काढते:
मुलगे चौकोन, दोन काळे भरलेले,
बायका वर्तुळं, दोघींच्या आत एकेक ठिपका.
खालची मी. वरची आई.
एवढं वाचायला आईला चष्मा लागत नाही.
"हाताने नाही," ती हळूच विचारते,
"पण माझ्याकडूनच ना?"

डॉक्टर जे सांगते ते खरं असतं, मायेचंही.
आई मान हलवते, ऐकू न येणाऱ्या माणसासारखी.

लिफ्ट बंद आहे.
जिन्यापाशी बेका थांबतो, तिच्याकडे हात पुढे करतो.
ती त्याचा खांदा चाचपते, दंड चाचपते.
जुलै महिना.
त्याच्या गंजीला बाहीच नाही.