लिहिल्याची संख्या : तीन

होटगी रोडवरच्या वर्कशॉपात माझं टेबल
पार्ट्सच्या खिडकीला लागून.
पाटीवर 'वॉरंटी', खाली 'पद्मजा येमुल',
आणि एसीचा वारा माझ्यापर्यंत पोचतो तेव्हा
त्याला डिझेलचा वास असतो.

मल्लिनाथ हत्तुरे समोर बसलेत.
गाडी टोचन लावून आणली, बोरामणीच्या पुढून.
टर्बो गेला. चौतीस हजार किलोमीटर, दुसरं वर्ष.
"मॅडम, हमीत आहे गाडी,"
म्हणत ते सर्व्हिसचं पुस्तक उघडून ठेवतात,
सगळे शिक्के जागच्या जागी.

मी केबल लावते.
नकाशा कंपनीचाच. आकडा न् आकडा.
फक्त खाली, कोणी बघत नाही अशा ओळीत,
लिहिल्याची संख्या : तीन.
एकदा कारखान्यात.
एकदा ताकद वाढवायला.
एकदा, वाढवलीच नव्हती असं दाखवायला.
शेवटची वेळ रविवारची, रात्री पावणेदोन.

इतकं स्वच्छ पुसणारा हात
सोलापुरात मला एकच माहीत आहे.
अशोक चौकामागे, अप्पांच्या मागाच्या शेडमध्ये
तो बसतो लॅपटॉप मांडीवर घेऊन,
माझा भाऊ, गोवर्धन.

अप्पा तिथेच जेकार्डचे पत्ते पाडायचे.
एक भोक, एक दोरा वर.
एक भोक चुकलं की चादरीवरच्या मोराची मान मोडायची.
मग ते खळ लावून कागदाचा तुकडा चिकटवायचे,
वाळला की पत्ता माझ्या हातात द्यायचे :
"सांग, कुठं चुकलो होतो?"
मागाला कधी कळलं नाही.
माझ्या बोटाला दर वेळी कळलं.
गोवर्धनला कळायचं नाही, तो चिडायचा,
आणि गिऱ्हाईक हमी मागायला आलं
की अप्पा म्हणायचे, रंगाची देतो,
उन्हाची नाही.

जिन्यात जाऊन फोन लावते.
"अक्का, पंचवीसच घोडे वाढवले गं.
तेवढ्यानं टर्बो जातोय होय?
तेलाची नळी बघायला सांग की आधी."
मागे कुणाची तरी गाडी गुरगुरत असते.
तो थांबतो. "हत्तुरेंची आहे का?"
मी फोन ठेवते.

रियाज नदाफ फडक्यात गुंडाळून नळी आणतो.
वळणावर चिमटलेली. चाव्याची खूण नाही,
पान्याची नाही, आतूनच अरुंद, जन्मतः.
"ह्या वर्षातली पाचवी," तो म्हणतो,
आणि बाकीच्या चार गाड्यांना
कुणी हात लावलेला नव्हता, हेही तोच सांगतो,
मी न विचारता.

फॉर्मवर रकाना आहे :
सॉफ्टवेअरमध्ये बदल. होय. नाही.
त्यामुळेच का,
असा रकाना नाही.

हत्तुरे काचेपलीकडे नळी बघतात,
त्यांना ती नळीच वाटते.
मग खुर्ची पुढे ओढून, हळू :
"त्या पोरानं सांगितलं होतं, कळणार नाही म्हणून.
चढाला दमायची ओ गाडी. दुसरं काय नाही."
मी मान हलवते, जशी
अनोळखी पोराबद्दल हलवतात.

'होय'वर टिचकी.
शेऱ्याला एकशेवीस अक्षरं मिळतात.
नळीचा कोन, बॅच नंबर, ह्या वर्षातली पाचवी,
बदलाशी संबंध दिसत नाही.
बसत नाही. 'दिसत' काढते. आता वाक्य
उगाच ठाम झालं. परत घालते,
बॅच नंबर तोडते, परत जोडते.
भावाचं नाव काढायला जाते
आणि बघते, ते मी लिहिलंच नव्हतं.

पुण्याहून उत्तर चार दिवसांनी येईल.
नाहीच येईल, असं मी सांगत नाही.
हत्तुरे पुस्तक मिटतात, पुन्हा उघडतात,
पहिल्या शिक्क्यावर अंगठा फिरवतात :
"मग हे कशाला मारत होता?"

शाई जुनी. तरी
त्यांच्या अंगठ्याला थोडी लागते.