पंप बंद, कारण

चेहेडीच्या पंपिंग स्टेशनात
लॉगबुकाला एक रकाना आहे : पंप बंद, कारण.
सव्वीस वर्षांत मी तिथे तीनच शब्द लिहिले असतील.
लाइट. गाळ. पाणवेली.

कोजागिरी उलटून गेल्यावर कधीतरी
जॅकवेलच्या जाळीला काही मऊ चिकटलेलं दिसलं.
कुत्र्याचं पिल्लू समजून काढायला गेलो
तर बोटांच्या मध्ये पडदे,
मिशा टोकदार,
वजन भरल्या तांब्याएवढं.
पुंजाराम भोई म्हणाला, पाणमांजराचं आहे,
आणि बाजूला थुंकला.
त्याचंही खरं होतं.
दोन जाळी फाडली होती त्यांनी त्या महिन्यात,
एकेका जाळ्याला त्याच्या बायकोचे अकरा दिवस,
आणि काठावरच्या खडकावर मरळीची खवलं
चमकी सांडावी तशी.

पिल्लू सिमेंटच्या गोणीत गुंडाळून
बाभळीखाली पुरलं.
त्या रात्री लाइट गेली आणि नदीतून शीळ आली,
बारीक, थांबून थांबून.
पंप चालू असला की इथे काहीच ऐकू येत नाही.
म्हणजे ती किती वर्षं येत असेल,
मला काय ठाऊक.

वरून तोंडी हुकूम आला : बंदोबस्त करा.
मोठा सोयीचा शब्द.
त्यात सापळा बसतो, बिळात ओतायचं औषध बसतं,
कुणाची सही मात्र बसत नाही.

शेजवळ मॅडम नव्याच बदलून आलेल्या,
बूट घोट्यापर्यंत गाळात.
मोबाइल पुढे धरून म्हणाल्या, हे बघा,
कुठल्याशा थंड मुलखात बीव्हर म्हणून जनावर आहे,
शहरातल्या ओढ्यावर काटक्यांचं धरण घालतं,
पाणी रस्त्यावर येतं.
लोक धरण फोडत नाहीत.
त्याच्या पोटातून एक पाइप काढतात, तोंडाला पिंजरा,
जास्तीचं पाणी गुपचूप खाली जातं
आणि त्याचं घर राहतं.
झाडं कुरतडू नयेत म्हणून
बुंध्यांना तारेचे परकर.

पुंजाराम हसला.
आपल्याकडे धरणं बांधायचं माणसानेच घेतलंय, मॅडम,
जनावराला काय काम ठेवलं?

दुसऱ्या दिवशी बांबू मात्र तोच घेऊन आला.

जॅकवेलमध्ये तिरका सोडला, खाचा पाडून,
पडलेल्याला चढून जाता यावं म्हणून.
जाळीच्या पुढे तीन हातांवर दुसरी जाळी,
जुन्या होर्डिंगच्या फ्रेमवर ताणलेली,
तिथे पाण्याची ओढ पिल्लाच्या ताकदीइतकीच उरते.
एका कोपऱ्यात अजून कुणाच्या तरी वाढदिवसाचा
अर्धा चेहरा आहे.
खर्च अकराशे चाळीस. व्हाउचर टेबलावरच पडून.
पुंजारामची जाळी आता बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला,
तिथे ती जात नाहीत.
जातच नाहीत असं नाही.
मागच्या सोमवारी एक फाटलं,
शिव्या त्याने मला दिल्या,
बांबूला हात लावला नाही.

आणि पहाटे, प्रेसचा भोंगा व्हायच्या आत,
ती सगळी ऐल काठावरून पैल काठाला जातात
थेट जाळीपुढून, सवयच तशी.
तेवढी वीस मिनिटं मी पंप थांबवतो.
नाशिकरोडला कुणाच्या तरी तिसऱ्या मजल्यावर
नळ खोकतो.
रकान्यात लिहितो : लाइट.
ऑडिटला लाइट कळते.

जेलरोडवरून एक म्हातारे गृहस्थ रोज फोन करतात,
धामणे म्हणून, आवाज शिक्षकाचा.
काय हो, आज काय झालं?
चार दिवस मी लाइटच सांगितली.
पाचव्या दिवशी म्हणाले,
आमच्याकडे पंखा चालू आहे.
मग सांगून टाकलं, नदी ओलांडतायत.
कोण?
सांगितलं.
पलीकडे बराच वेळ नुसती बादली सरकवल्याचा आवाज.
मग :
किती आहेत?

थांबा, म्हटलं,
अजून मोजतोय.